गुडघेदुखी: फिजिओ घरी बोलवावा की क्लिनिकला जावं?

सत्तरीतल्या आईचे गुडघे झिजलेत असं डॉक्टर सांगतात, चिठ्ठीवर 'फिजिओथेरपी' लिहितात आणि घरात खल सुरू होतो: रोज रिक्षा करून न्यायचं, की माणूसच घरी बोलवायचा?

आधी घड्याळ लावून बघा. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. रोजच्या चपला, काठी वापरत असल्या तर काठीसकट. शेजारी कुणीतरी उभं हवं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. त्यातून घर लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असेल, तर घरीच बोलवा. गुडघा बदलल्यावर किंवा खुब्याच्या फ्रॅक्चरनंतरचे पहिले काही आठवडेही घरीच बरे. बाकीच्यांनी क्लिनिक धरावं.

क्लिनिकची जमेची बाजू म्हणजे पॅरलल बार (दोन्ही हातांनी धरून चालायच्या समांतर दांड्या), सायकल, सरावाच्या पायऱ्या, आणि अर्धा-अर्धा किलोने वाढवता येणारी वजनं. तोटा मशीनचा. कित्येक ठिकाणी वीस मिनिटं आयएफटी (सौम्य विद्युतप्रवाहाचा शेक) किंवा अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा शेक, तपासणीची सोनोग्राफी नव्हे) आणि निघताना पाच मिनिटं व्यायाम, असा क्रम असतो. शेक घेतल्यावर बरं वाटतं, पण मांडीचा स्नायू त्याने तसूभरही वाढत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शिकेने तर सांध्यांच्या झिजेसाठी ही विजेवरची उपकरणं देऊ नयेत आणि व्यायाम मात्र सगळ्यांना द्यावा, असं सांगितलंय. पेसमेकर असेल तर मशीन लावण्याआधीच सांगा. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर शेकही जपून. चटका बसलेला कळत नाही.

घरी येणाऱ्या फिजिओला क्लिनिकमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात: न्हाणीघरातली निसरडी फरशी, उंबरा, पलंगाची उंची, धरायला दांडी नसलेला भारतीय संडास. मात्र घरात वजनं नसतात, आणि मऊ गादीवर करून घेतलेला व्यायाम निम्मा वाया जातो. येणारा माणूस निव्वळ तेल लावून चोळून जात असेल तर ती मालिश, फिजिओथेरपी नव्हे. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य कौन्सिल आहे. तिचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका.

दोन्हीकडे कस लागतो तो एकाच गोष्टीत: खुर्चीतून उठणं. प्लास्टिकची खुर्ची सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, मग नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढे वाकून उठायचं. ताठ बसूनच उठू पाहिलं की वजन मागे राहतं, माणूस हातांवर जोर देतो आणि मांडीला काम उरत नाही. हात न लावता जमत नसेल तर खुर्चीवर दोन-तीन घड्यांची गोधडी घाला. दहा-दहाचे दोन फेरे सहज झाले की एक घडी कमी करा. जो फिजिओ महिनाभर तेवढ्याच उंचीवर तेवढेच आकडे करून घेतो, तो बदला. श्वास रोखू देऊ नका, रक्तदाब चढतो.

व्यायामाने थोडं दुखणारच. दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत झालं तर चालेल; त्याहून जास्त टिकलं तर फेरे कमी करा, बंद नको. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे दहा सेशनचं पॅकेज घेऊन अकराव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणणं घाईचं.

आई स्वतः चालती-फिरती असेल आणि घरात करवून घेणारं कुणी असेल, तर तिसराच मार्ग स्वस्त पडतो: फिजिओकडून तीन-चार सेशनमध्ये व्यायाम शिकून घ्यायचे, आठवड्यातून तीनदा घरी करायचे आणि दर तीन आठवड्यांनी एकदा दाखवून वाढवून घ्यायचे. काठी लागत असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात. मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. दुखऱ्याच बाजूला धरणारे फार दिसतात.

गुडघा गरम होऊन ताप आला, एकच पोटरी सुजली किंवा पडल्यानंतर पायावर भार देता येईना, तर त्या दिवशी फिजिओ नको, थेट डॉक्टर गाठा.