ब्लोअरच्या जाळीला काय टाकावं: स्प्रिंग वायसर की नायलॉक?

द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर आमचा फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरला जो लागतो, तो मणी भरेपर्यंत सुटत नाही. पंख्याच्या जाळीचे बोल्ट ढिले होणं हे दिंडोरीकडच्या बागायतदाराला नवीन नाही. त्यावर काय टाकायचं, एवढंच ठरवायचं असेल तर माझं ऐका. पटलं नाही तर सोडून द्या.

पहिली काही वर्षं मी स्प्रिंग वायसरच, म्हणजे एका जागी कापलेले, जरा पिळलेले वायसर वापरले. सगळेच वापरतात, दुकानदार बोल्टांबरोबर न मागता मूठभर देतो. आवळताना भरवसाही वाटतो. पण दोन-तीन फवारण्या झाल्या की जाळी खडखडायला लागायची. पहाटे पाचला, दवाने पाय ओले, मोबाइलच्या उजेडात १७ चा पाना शोधायचा. एकदा नट जाळीवर लोंबकळत होता आणि वायसरचा अर्धा तुकडा पंख्याच्या पात्यापाशी पडलेला. पातं फिरलं असतं तर तो कुठे गेला असता, याचा विचार करत मी चहा घेतला. तिथेच मन उडालं.

नंतर कारण कळलं. पुरता आवळला की स्प्रिंग वायसर सपाट होतो. मग तो साध्या वायसरपेक्षा फार काही वेगळा राहत नाही. नट सुटतो तो मुख्यतः आडव्या हादऱ्याने, जोड जरासा सरकला की. हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्येच दाखवलं होतं. आणि आमची जाळी दिवसभर आडवीच थरथरते.

आता मी नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) आणि दोन्ही बाजूंना साधा वायसर टाकतो. एम १० चा, म्हणजे १० मिमी बोल्टचा साधा वायसर २० मिमी रुंद असतो; पत्र्याचं भोक लांबट झालं असेल तर त्याहून मोठा मडगार्ड वायसर घ्या. नायलॉकचा त्रास एवढाच, की तो हाताने फिरत नाही, शेवटपर्यंत दोन पाने लागतात. नट ढिला झालाच तरी गळून पडत नाही, मला तेवढं पुरे. काढघाल करताना बोटांनी फिरायला लागला की तो नट फेकून द्यायचा. सायलेन्सरजवळ मात्र नको. साधारण १२० अंशांच्या वर नायलॉन टिकत नाही.

पाचरीच्या दातांचे जोडीतले वायसरही मिळतात. पकड त्यांचीच सर्वांत चांगली, पण जाळीसाठी तेवढा खर्च मला तरी जड वाटला. गिअरबॉक्सच्या बोल्टांना जरूर विचार करा. बॅटरीच्या अर्थिंगला दातेरी वायसर, कारण तो रंग खरवडून लोखंडाला भिडतो.

अजून एक, नट हिशोबापेक्षा दोन-चार जास्त आणा. जाळी खोलताना एखादा बांधाच्या गवतात जातोच.