जुन्या धाटणीच्या गिटारसाठी रंगलेप: एनसी लॅकर की पीयू?

१९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धर्तीवर गिटार घडवून तिला कृत्रिमरीत्या जुने रूप द्यायचे असेल, तर लाकडाइतकाच रंगलेपाचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. पुण्यात भवानी पेठेतील टिंबर मार्केटच्या परिसरात लाकूड मिळते आणि फर्निचर पॉलिश करणाऱ्यांकडे एनसी लॅकर व पीयू (पॉलियुरेथेन) हे दोन्ही लेप परिचित आहेत.

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, द्रावक उडून वाळते. नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, लेप पातळ राहतो, काळाने पिवळसर पडतो आणि तापमान अचानक उतरल्यास त्यावर बारीक तडे जातात. हेच तडे कारागीर थंडाव्याचा फवारा मारून मुद्दाम आणतात. हात टेकण्याच्या जागी हा लेप हळूहळू झिजतो, आणि जुन्या वाद्याचे खरे सौंदर्य मला त्या झिजेतच दिसते. मात्र पुण्याच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे त्यावर पांढुरकी धूसरता येते. शिवाय तो अत्यंत ज्वालाग्राही असल्याने खेळती हवा आणि मास्क अनिवार्य आहेत.

पीयू रासायनिक क्रियेने घट्ट होतो, टिकाऊ असतो आणि रोजच्या वादनाला उत्तम आहे; परंतु तो झिजण्याऐवजी टवके उडून निघतो, त्यामुळे त्यावरील जुनेपणा बेगडी वाटतो. म्हणून जुन्या रूपासाठी मी एनसीच निवडेन, आणि फवारणीचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करेन.