गच्चीवरचा व्हेंट पाइप खोटा निघाला

घर लातूरचं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस आम्ही काढलेत. त्यामुळे बाथटब म्हटल्यावर नातेवाईक बोललेच. पण कोमट पाण्यात बसलं की आईच्या गुडघ्यांना उतार पडतो, म्हणून आठवड्यातून दोनदाच भरायचा असं ठरवून वरच्या मजल्यावर टब घेतला.

काम एका ठेकेदाराला मटेरियलसह दिलं. कोटेशनमध्ये सांडपाण्याचा ५० मिमीचा पाइप, पी-ट्रॅप (पाणी साठून राहणारा वाकडा तुकडा), सगळे पाइप टाइप बी, म्हणजे जाड, आणि गच्चीपर्यंत वेगळा व्हेंट, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपाला हवा देणारा उभा पाइप, असं व्यवस्थित लिहिलेलं. व्हेंटचे साडेनऊ हजार वेगळे. वाचून वाटलं, माणूस जाणकार आहे. होताच. कुठं हात मारला तर दिसणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

चैत्री पौर्णिमेला आम्ही तुळजापूरला गेलो. दोन दिवसांनी परत आलो तर कोबा झालेला, टाइल्स बसलेल्या. ठेकेदार म्हणाला, "काका, पाणी भरून बघितलं, थेंब नाही गळला."

टब रिकामा करायला लागलो की शेजारचा न्हाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा) गुडगुडायचा आणि थोड्याच वेळात गटाराचा वास सुटायचा. फोन केला तर म्हणाला, "काका, उन्हाळा हाय, ट्रॅपमधलं पाणी आटतं. रोज तांब्याभर पाणी टाकत जा." आपल्याकडं बंद बाथरूमचे ट्रॅप उन्हाळ्यात खरंच आटतात, म्हणून मला ते पटलं. रोज वापरातल्या बाथरूमचा ट्रॅप असा तासाभरात कसा आटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन महिने आई त्या वासात अंघोळ करत होती, याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या खोलीच्या छताला ओल आली, तेव्हा दुसरे प्लंबर बोलावले, वयस्कर. ते बाथरूमऐवजी आधी गच्चीवर गेले. कठड्याला टेकून व्हेंट उभा होता, वर जाळीची टोपी, रंगसुद्धा दिलेला. त्यांनी टोपी काढली आणि आत तांब्यानं पाणी ओतलं. खरा व्हेंट असता तर पाणी सरळ खाली गेलं असतं. इथं तिसऱ्या तांब्याला पाइप काठोकाठ भरला आणि पाणी तसंच उभं राहिलं. सळई घातली तर तीन फुटांवर सिमेंटला लागली. गच्चीत नुसता तुकडा रोवला होता.

त्यांनी मग समजावलं. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाणी उभं असतं, गटारातली हवा तेच अडवतं. टबाचं दीडशे-दोनशे लिटर पाणी एका दमात सुटलं की पाइप भरून वाहतो आणि मागं हवा न मिळाल्यानं ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतो. ती हवा पुरवायचं काम व्हेंटचं.

फरशी फोडली तर पाइपाला ढाळच नाही. दर मीटरला २० मिमी हवा होता, इथं मधे उलटाच होता. एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) न लावता नुसता दाबून बसवलेला, ओल तिथूनच. आणि पाइप टाइप ए. हा पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला चालतो, सांडपाण्याला नाही. उदाहरणार्थ, ११० मिमीच्या पाइपात ए ची जाडी किमान २.२ मिमी, बी ची ३.२. पाइपावर आयएस १३५९२ हा मानकाचा क्रमांक आणि टाइप छापलेलं असतं. आमच्याकडं ती छापलेली बाजू मुद्दाम खाली केलेली होती.

नव्या प्लंबरनी पाइप उघडे ठेवून, तोंडं बंद करून रात्रभर पाणी भरून ठेवलं. व्हेंट ट्रॅपजवळून काढून टबाच्या काठाच्या वर सरळ नेला, मगच वळवला. मोजायची टेप लावून फोटो काढायला लावले, मग कोबा. तुमचं काम चालू असेल तर एवढं झाल्याशिवाय एकही टाइल बसू देऊ नका आणि त्या दिवशी गावाला जाऊ नका.

तोडफोड धरून अठ्ठेचाळीस हजार गेले. ठेकेदार आता फोन उचलत नाही. बिल कच्चं होतं, पण व्हॉट्सॲपवरचं कोटेशन जपून ठेवलंय, त्यावर ग्राहक आयोगात तक्रार देतोय.

परवा कळलं, आमच्याच भागात एका नव्या घराचं काम त्याच्याकडं आहे. मालकांना भेटलो. ते म्हणाले, "अहो, माणूस चांगला आहे, कोटेशनमध्ये व्हेंटसुद्धा लिहिलाय." त्यांच्या टाइल्स सोमवारी बसणार आहेत, म्हणून हे आजच लिहितोय.