बेसबॉल रिक्रूटिंग सर्व्हिस: तीन स्टार, तेही एका कॉलमुळे

कॉलेजच्या टीममध्ये निवड व्हावी म्हणून पोरांची माहिती कोचेसपर्यंत पोचवणारी ही पैसे घेऊन चालणारी सर्व्हिस. नाव देत नाही, इथे न्यू जर्सीत बेसबॉल खेळणारी पोरं असलेल्या बहुतेक घरी यांचे फोन आलेच असतील. मुलगा ज्युनियर, म्हणजे अकरावीत, डावखुरा पिचर, ग्रेड्स चांगले, वेग ठीकठाक. तीन पॅकेजपैकी आम्ही मधलं घेतलं.

आधी वाईट सांगते. ऑनलाइन प्रोफाइल म्हणजे निव्वळ फॉर्म, आपणच भरायचा. कोचेसना जाणारे ईमेल सगळ्यांना सेम, फक्त कॉलेजचं नाव बदललेलं, आणि 'तुमच्यासाठी मॅच' म्हणून आलेल्या यादीत निम्म्या ठिकाणी इंजिनिअरिंगच नाही, जे त्याला करायचंय. वर दर आठवड्याला सेल्सवाल्याचा फोन, मोठं पॅकेज घ्या, डिव्हिजन वनची, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या पातळीची, दारं उघडतील. व्हिडिओ एडिटिंग मात्र छान केलं.

पैसे वसूल झाले ते पॅकेजमधल्या कन्सल्टेशन कॉलमध्ये. समोर एक जुने कॉलेज कोच होते, अगदी सरळ बोलले. त्यांनी आधी गणित मांडलं. पूर्वी डिव्हिजन वनच्या टीमला मिळून 11.7 स्कॉलरशिप असायच्या, त्याचेच तुकडे करून वाटायचे, त्यामुळे बिनास्कॉलरशिपच्या वॉक-ऑन पोरांना जागा असायची. 2025 मध्ये हाऊस सेटलमेंट (खेळाडूंनी कॉलेज खेळांच्या संघटनेवर, एनसीएएवर, केलेल्या खटल्यातली तडजोड) मंजूर झाली, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा उरली नाही पण रोस्टर, म्हणजे टीममधल्या खेळाडूंची संख्या, 34 वर आलं, आधी 40 पर्यंत ठेवता यायचे. त्यात ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, बावीस वर्षांचे तयार गडी येतात, मग अठरा वर्षांच्या वॉक-ऑनवर कोच कशाला वेळ घालवेल?

'प्रिफर्ड वॉक-ऑन' (स्कॉलरशिप नाही, पण टीममध्ये जागा देऊ) ऐकून आम्ही इतके हरखलो होतो की मी पुण्याला बाबांनाही कळवून टाकलं होतं. कॉलवरचे कोच म्हणाले, अहो, तो शब्द प्रत्येक जण आपल्या सोयीने वापरतो, तुम्ही थेट विचारा. फॉलमध्ये (सीझनआधीच्या सरावाला) किती जणांना बोलावता, स्प्रिंगला, मॅचेसच्या सीझनला, किती ठेवता, गेल्या वर्षी किती वॉक-ऑन कट झाले, त्यातला एखादा खरंच मॅचमध्ये बॉल टाकतो का, आणि जागा वर्षभर पक्की आहे की फॉलपुरती. मुलाने हेच प्रश्न दोन कोचेसना पाठवले, एकाने आकड्यांसकट उत्तर दिलं, दुसऱ्याने 'कॅम्पला ये' एवढंच. कॅम्पची फी वेगळी, अर्थातच.

डिव्हिजन थ्रीबद्दलही नीट समजावलं. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, मेरिट आणि गरजेनुसार मदत मिळते, पण म्हणून लेव्हल कमी समजू नका. आपल्याच राज्यातली रोवन, कीन, टीसीएनजे (कॉलेज ऑफ न्यू जर्सी) ही कॉलेजं बघा म्हणाले, कीनने तर 2007 मध्ये डिव्हिजन थ्रीची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकलीय. तिथेही फॉलमध्ये कट असतो, हे मात्र लक्षात ठेवा. मेजर लीगचा नामवंत खेळाडू ओझी स्मिथ वॉक-ऑन होता, असं सेल्सवाला सांगतो. खरंय, कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली कॉलेजात होता, पण ती सत्तरच्या दशकातली गोष्ट, तेव्हा कुठलं पोर्टल!

आता आमच्या यादीत पहिली अट एकच, बेसबॉल सुटला तरी चार वर्षं तिथेच शिकायला आवडेल का. त्यात तीन नावं गळाली, त्यातलं एक डिव्हिजन वनचं, मुलगा दोन दिवस बोलला नाही.

तर पॅकेज घेऊ नका. तो कॉल सुटा मिळतो का विचारा, आधी नाही म्हणतात, जरा ताणलं की देतात असं ओळखीच्या एकीने सांगितलं.