पोयबावडी ते किंग्ज सर्कल : एका पायी फेरीविषयी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरून मी गेली वीस वर्षे बसने ये-जा करते आहे. तरी परळपासून माटुंग्यापर्यंतचा हा पट्टा जाणकार व्यक्तीच्या सोबतीने पायी पाहण्याचा योग मला गेल्या हिवाळ्यातच पहिल्यांदा आला. जुन्या वास्तूंविषयी आस्था असलेल्या एका छोट्या गटाने ही फेरी आखली होती. शुल्क माणशी ४०० रुपये, वेळ रविवारी सकाळी साडेसहाची आणि सोबतीला आम्ही चौदा जण. मार्गदर्शन करणाऱ्या बाई वास्तुविशारद आहेत, आणि इमारतींची नावे व वर्षे घडाघडा सांगत पुढे जाण्यापेक्षा हा रस्ता इथे असा का झाला, हे उलगडून दाखवण्याकडे त्यांचा कल होता. ही फेरी मला आवडण्याचे मुख्य कारण तेच आहे.

त्यांनी सुरुवात प्लेगपासून केली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, पाठोपाठ साथ पसरली आणि हजारो लोक शहर सोडून गेले. त्या हाहाकारानंतर १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्त्या मोडून रुंद रस्ते काढणे, गरिबांसाठी चाळी बांधणे आणि शहराच्या उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनीवर हवेशीर उपनगरे वसवणे ही त्याची कामे. दादर-माटुंगा हे असे आखून वसवलेले उपनगर, आणि पूर्वी व्हिन्सेंट रोड या नावाने ओळखला जाणारा आजचा आंबेडकर मार्ग हा त्याचा मुख्य रस्ता. इमारती रस्त्यापासून मागे का आहेत, दोन घरांमध्ये मोकळी जागा का सोडली आहे, गल्ल्या सरळ आणि रुंद का आहेत, या साऱ्या प्रश्नांचे उत्तर हवा आणि उजेड असे आहे, हे त्यांनी पहिल्या अर्ध्या तासातच मनावर ठसवले. त्यानंतर पुढची प्रत्येक गल्ली मी वेगळ्या नजरेने पाहिली.

पहिला मुक्काम पोयबावडीची बीआयटी चाळ. बीआयटी म्हणजे हाच तो ट्रस्ट, ही साधी गोष्ट माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आली नव्हती. बाबासाहेब या चाळीत १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार आणि अभ्यास चालला. जवळच्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी त्यांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचार आकाराला आला. चाळीत आम्ही जेमतेम दहा मिनिटे थांबलो. रहिवाशांच्या सकाळच्या कामांत व्यत्यय नको हे कारण मला पटते. पण खाली अंगणात उभे राहून अजून बरेच काही सांगता आले असते, असे राहून राहून वाटते.

हिंदमाताचा टप्पा लवकर उरकला. हा भाग सखल आहे आणि पावसाळ्यात इथे पाणी का साचते, हे रस्त्याचा उतार दाखवूनच त्यांनी समजावले. दादर टीटीला मात्र आम्ही रेंगाळलो. अधिकृत नाव खोदादाद सर्कल असले तरी लोक अजून टीटीच म्हणतात. ट्राम टर्मिनस हा त्याचा विस्तार. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला आली. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली, रूळही गेले, पण बसचा वाहक आजही ‘टीटी, टीटी’ असेच ओरडतो.

फेरीचा गाभा म्हणजे हिंदू कॉलनीतले राजगृह. १९३० च्या दशकात बाबासाहेबांनी हे घर ग्रंथालयाचा विचार मनात ठेवून बांधून घेतले, आणि त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे ५०,००० पुस्तकांच्या घरात गेला. चाळीपासून इथपर्यंत आम्ही रमतगमत तासाभरात पोहोचलो होतो. ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्या आणि ट्रस्टनेच आखलेल्या वसाहतीतले हे ग्रंथांचे घर, यांच्यामधले अंतर पायांना कळल्यावर बाई काही क्षण गप्प राहिल्या, आणि ते मला फार योग्य वाटले. ७ डिसेंबर १९५६ रोजी त्यांची अंत्ययात्रा याच घरापासून निघाली. ज्या रस्त्याने आम्ही आलो त्याला त्यांचे नाव आहे, हे एरवी पाटीवर वाचून सोडून देण्याजोगे वाटते; त्या दिवशी तसे वाटले नाही.

पलीकडची पारशी कॉलनी मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली, आणि पाच उद्यानांना त्यांचेच नाव आहे. बुटक्या इमारती, दाट झाडी आणि सकाळची शांतता यांमुळे इथे पाय निघत नाही. शेवटी किंग्ज सर्कल, म्हणजे महेश्वरी उद्यान. तिथल्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली झालेल्या नानालाल मेहता उद्यानात नर्मदेच्या प्रवाहाची वळणे वाटेवर उमटवली आहेत. गाड्या आणि कचऱ्याने भरून जाऊ शकणारी जागा रहिवाशांच्या पाठपुराव्याने बाग झाली, याचे मला मनापासून कौतुक आहे. फेरी उडुपी हॉटेलात फिल्टर कॉफीवर संपते; कॉफीचे पैसे शुल्कात धरलेले नाहीत.

माझी खरी तक्रार आशयाविषयी आहे. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या तेव्हा तिथली माणसे कुठे गेली, नव्या उपनगरातले भाडे कोणाला परवडले, आणि जातीपातीनुसार वसाहती का झाल्या, या प्रश्नांना ओझरता स्पर्श झाला. ट्रस्टवर त्याच्या काळातही याबाबत टीका झाली होती, म्हणून हा भाग वगळणे योग्य नव्हे. शिवाय उड्डाणपुलांजवळ वाहनांच्या आवाजात मागच्या पाच-सहा जणांना काहीच ऐकू येत नव्हते, दिलेला नकाशा वाचता येणार नाही इतका बारीक छापला होता, आणि साडेतीन तासांत स्वच्छतागृहासाठी एकही थांबा ठरवलेला नव्हता. सोबत आलेल्या दोन ज्येष्ठ महिलांना त्याचा बराच त्रास झाला.

तरीही ४०० रुपये मला जास्त वाटले नाहीत. जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, पाण्याची बाटली आणि जाड तळव्याच्या चपला घ्या, आणि राजगृहाच्या तळमजल्यावरचे स्मारक नीट पाहण्यासाठी त्याच दिवशी किंवा नंतर स्वतंत्र वेळ काढा. फेरीत मिळणारी वीस मिनिटे त्याला पुरत नाहीत.