विकास-सिद्धांतांचा तुलनात्मक तक्ता: वरच्या ओळी कामाच्या, खालच्या फसव्या

मानसशास्त्राच्या आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात भिंतीवर दिसतो तो हा तक्ता. वरच्या पट्टीत वयं, डावीकडे विकासाचे सिद्धांतकार: फ्रॉइड, एरिक्सन, पियाजे, कोहलबर्ग, व्हायगॉट्स्की. माझ्याकडून या तक्त्याला पाचपैकी तीन गुण.

पहिल्या दोन ओळी चोख असतात. फ्रॉइडची मुखावस्था साधारण पहिलं वर्ष, गुदावस्था तिसऱ्यापर्यंत, लिंगावस्था सहाव्यापर्यंत. त्याखालीच एरिक्सनचे विश्वास-अविश्वास, स्वायत्तता-लज्जा, पुढाकार-अपराधभाव. एकाच वयाचं मूल पाहताना एकाचं लक्ष शरीरातल्या सुखाच्या जागांवर, दुसऱ्याचं आजूबाजूच्या माणसांशी जुळणाऱ्या नात्यावर, हे इथे एका नजरेत कळतं. घेण्याआधी तक्त्याचं उजवं टोक मात्र बघा. तो १८ वर्षांवर संपत असेल तर एरिक्सनच्या आठपैकी शेवटच्या तीन, प्रौढपणीच्या, अवस्था गायब, आणि त्याचं फ्रॉइडपेक्षा खरं वेगळेपण तर तिथेच आहे.

पियाजेच्या, म्हणजे मुलाची विचारशक्ती कशी वाढते याच्या, ओळीत ०–२, २–७, ७–११ आणि ११ नंतर हे वयाचे आकडे बरोबर छापलेले असतात. खटकतात त्या जाड उभ्या रेघा. सातवा वाढदिवस झाला की मूल पलीकडे गेलं, असं काही घडत नाही. स्वतः पडताळायचं तर दोन सारखे पेले घ्या, दोन्हींत सारखंच पाणी भरा, मुलाकडून ‘सारखं आहे’ असं कबूल करून घ्या, मग एकातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता आणि पुन्हा विचारा. ‘आता जास्त आहे’ म्हणणारं मूल सातच्या रेघेच्या अलीकडचं धरतात. गडबड इथेच होते. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला की आपलं आधीचं उत्तर चुकलं असावं असं मुलाला वाटू शकतं आणि ते उत्तर बदलतं. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी १९७४ मध्ये सोंगट्यांची ओळ एका खोडकर टेडीकरवी ‘चुकून’ विस्कटवली, तेव्हा बऱ्याच लहान मुलांनी संख्या तेवढीच असल्याचं ओळखलं. प्रश्न कसा विचारला यावर अवस्था ठरत असेल, तर रेघ पुसट छापायला हवी.

कोहलबर्गला वयाच्या चौकटीत बसवणं ही उघड चूक. त्याची नैतिक विचाराची पातळी ठरते ती पेचप्रसंगावर दिलेल्या उत्तरामागच्या कारणावरून; पुष्कळ प्रौढ मधल्या, रूढ (समाजाचे नियम तेच बरोबर मानणाऱ्या) पातळीवरच राहतात. मूळ अभ्यासात १०, १३ आणि १६ वर्षांचे फक्त मुलगेच होते, ज्यावर मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगनने १९८२ मध्ये बोट ठेवलं. एवढी तळटीपसुद्धा बहुतेक तक्त्यांत नसते.

सगळ्यात वाईट ओळ व्हायगॉट्स्कीची. निकटवर्ती विकासक्षेत्र (मुलाला एकट्याने जमतं आणि मदतीने जमतं यांमधलं अंतर) ही कल्पना कुठल्याच एका वयाची नाही, तरी रकाने भरायचे म्हणून तिथे काहीबाही कोंबलेलं असतं. भरीला ‘आधार-मचाण’ (शिकताना दिलेली तात्पुरती मदत) हा शब्द त्याच्या नावावर! तो १९३४ मध्ये वारला. शब्द आला १९७६ मध्ये, वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या लेखातून.

बँड्युरा आणि ब्रॉन्फेनब्रेनर हे आणखी दोन सिद्धांतकार बहुधा वगळलेले असतात. ते बरंच, त्यांनाही वयाचे रकाने लागू पडत नाहीत.

तक्ता आधीच भिंतीवर असेल तर व्हायगॉट्स्कीच्या ओळीवर कोरी पट्टी चिकटवा आणि तिचे दोनच भाग करा: ‘एकट्याने जमतं’ आणि ‘मदतीने जमतं’. ही पट्टी मुलागणिक आणि विषयागणिक वेगळी भरावी लागते, म्हणून पेन्सिलीनेच लिहा.