यूव्ही घ्या, पण लॉक फाइलसाठी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांसाठी मी पायथनमध्ये सौदे-पट्टीचं सॉफ्टवेअर करतो. वजन झालं की हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडायला हवी. ऐन हंगामात ती अडली, तर अडत्याचा फोन यायला वेळ लागत नाही, आणि त्याचं रागावणं बरोबरच असतं. त्यामुळं पॅकेज मॅनेजर (तयार कोडची पॅकेजेस उतरवून बसवणारं टूल) निवडताना मी एकच बघतो: विश्रामबागेत माझ्या मशीनवर जे तपासलं, नेमकं तेच यार्डातल्या कॉम्प्युटरवर बसतंय का? पायथनचं यूव्ही हे असंच टूल या कसोटीला पुरेपूर उतरलं.

अ‍ॅस्ट्रल कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेलं, रस्ट या भाषेत लिहिलेलं हे ओपन सोर्स टूल. जो तो त्याच्या वेगाचं कौतुक करतो, आणि वेग आहेच. एकदा उतरवलेलं पॅकेज कॅशमध्ये राहतं, दुसऱ्या प्रोजेक्टला तिथूनच मिळतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला हे लगेच जाणवतं. पण मला विचाराल तर खरी किंमत यूव्हीच्या लॉक फाइलची आहे.

आपण प्रोजेक्टच्या फाइलमध्ये थेट लागणारी पॅकेजेस तेवढी लिहितो, तीही ‘अमुक आवृत्ती किंवा त्यापुढची’ अशी. त्या पॅकेजेसना आणखी पॅकेजेस लागतात, त्यांना आणखी. यूव्ही हा सगळा गुंता सोडवून प्रत्येकाची नेमकी आवृत्ती आणि हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) लॉक फाइलमध्ये नोंदवतं. जून २०२४ मध्ये आकडेमोडीचं नमपाय हे पॅकेज २.० आवृत्तीवर आलं, तेव्हा त्याचा बायनरी इंटरफेस (कंपाइल केलेली पॅकेजेस ज्यातून त्याच्याशी जोडली जातात तो सांधा) बदलला होता आणि जुन्या नमपायवर बांधलेली बरीच पॅकेजेस नव्याबरोबर चालेनात. ज्यांनी आवृत्त्या मोकळ्या सोडल्या होत्या, त्यांना नव्यानं इन्स्टॉल करताना हे भोवलं. लॉक केलेल्या प्रोजेक्टला त्या दिवशी काहीही झालं नाही.

माझं मशीन लिनक्सचं, दुकानांत सगळीकडं विंडोज. इथं यूव्हीनं माझी मोठी काळजी मिटवली. वेब अ‍ॅप बांधायच्या जँगो या पॅकेजचंच बघा: विंडोजवर त्याला टाइमझोनच्या माहितीचं टीझेडडेटा हे पॅकेज लागतं, लिनक्सवर लागत नाही. पिप या पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरच्या ‘पिप फ्रीझ’ कमांडनं लिनक्सवर काढलेल्या यादीत त्याचा पत्ताच नसतो, मग दुकानात त्या दिवशी जी आवृत्ती मिळेल ती बसते. यूव्हीची लॉक फाइल सगळ्या प्लॅटफॉर्मचा एकत्र विचार करते; टीझेडडेटा तिच्यात ‘फक्त विंडोजवर’ या अटीसह, ठरलेल्या आवृत्तीनिशी येतं.

रिलीज काढताना मी एका वेळी एकच पॅकेज वर नेतो. ‘यूव्ही लॉक’ला ‘अपग्रेड पॅकेज’ हा पर्याय दिला की काय कुठून कुठं गेलं ते ओळीनं छापून येतं. त्या ओळी मी तशाच रिलीजच्या नोंदीत टाकतो, लॉक फाइल गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) चढवतो आणि मगच त्या रिलीजला टॅग मारतो. दुकानात लॉकप्रमाणे पॅकेजेस बसवणारं ‘यूव्ही सिंक’ चालवायचं, ‘लॉक्ड’ आणि ‘नो डेव्ह’ (फक्त डेव्हलपमेंटला लागणारी पॅकेजेस वगळणारा) हे पर्याय लावून. लॉक आणि प्रोजेक्टची फाइल जुळत नसेल तर ते तिथंच थांबतं, आणि मध्ये कुणी हातानं भलतंच पॅकेज त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोजेक्टच्या पॅकेजेसच्या वेगळ्या जागेत) घातलं असेल तर काढून टाकतं. मला हेच हवं होतं.

उणिवाही आहेत. यूव्ही अजून शून्यानं सुरू होणाऱ्या आवृत्त्यांवर आहे आणि मधला आकडा वाढला की जुनं वागणं बदलू शकतं. म्हणून सेटिंगमध्ये ‘रिक्वायर्ड व्हर्जन’ लिहून खुद्द यूव्हीचीही आवृत्ती बांधून ठेवा. दोन पॅकेजेसना तिसऱ्याच्या परस्परविरोधी आवृत्त्या हव्या असतील तर त्याच्याकडंही जादू नाही. कुणाला काय हवंय आणि का जमत नाही, हे मात्र ते पायरीपायरीनं सांगतं, आणि तो मजकूर खरंच वाचण्यासारखा असतो. पट्टीच्या प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा डेटाबेसशी जोडणारा ओडीबीसी ड्रायव्हर यांच्याशी त्याला देणंघेणं नाही, ते आपलं आपण बघायचं. आणि लॉक केलं म्हणून सुरक्षित झालं असं नाही: एखाद्या पॅकेजात भोक सापडलं, तर तुम्ही अपग्रेड करेपर्यंत ती भोकाचीच आवृत्ती बसत राहते. हंगामातसुद्धा सुरक्षेचं अपग्रेड मी मागं ठेवत नाही.

जुना प्रोजेक्ट आणायचा तर ‘यूव्ही अ‍ॅड’ला रिक्वायरमेंट्स फाइल (पिपसाठीची पॅकेजेसची यादी) देता येते. एखाद्या ठिकाणी पिपच वापरायचा आग्रह असेल तर ‘यूव्ही एक्स्पोर्ट’नं लॉकमधून तशी फाइल काढूनही देता येते. हे स्थलांतर सौदे थंडावल्यावरच काढा, आणि नव्या एन्व्हायर्नमेंटवर महिनाअखेरचे हिशेब जुळेपर्यंत जुनं पुसू नका.